पिवळे दगड

हंगाम ओसरला की ओमो रुडसेल रंगाचा डबा घेऊन निघतो,
आणि त्याच्यामागून मी: रॉकेलची बाटली, चिंध्या, दोन ब्रश.
बोनेरच्या किनाऱ्याला वळणावळणावर एकेक पिवळा दगड,
दगडावर काळं नाव.
म्हणजे इथे गाडी लावा, इथून पाण्यात शिरा.

उत्तरेकडचा रस्ता एकेरी आहे.
विसरलेल्या ब्रशसाठी मागे वळता येत नाही,
निवडुंगाच्या टेकड्यांना अख्खा वळसा पडतो.
वाटेत गाढवं आडवी उभी. ओमो हॉर्न वाजवत नाही.
‘मीठ वाहून झालंय त्यांचं,’ म्हणतो,
‘आता ती पेन्शनीत.’

तिया याया, हा पहिला दगड.
ही कुणाची आत्या, कुणालाच ठाऊक नाही.
चाळीस फुटांवर एक पोवळं आहे, पिकअपएवढं,
मेंदूसारख्या वळ्यांचं,
त्याच्या दारात मोठे मासे आ वासून थांबतात
न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारखे,
आणि चिमुकले निळे मासे त्यांचे दात कोरतात.
मी पाहिलंय. नंबर लागतो. कुणी मध्ये घुसत नाही.

दक्षिणेला मिठाचे ढीग, इतके पांढरे की डोळे किलकिले होतात.
धक्क्याच्या खांबांखाली उतरणारे
ओहायोहून येतात, उट्रेख्टहून येतात,
कमरेला शिसं बांधतात, त्याचे पैसे देतात.
ओमोची खापरपणजी याच वाळूवरून
डोक्यावर मीठ घेऊन जहाजापर्यंत चालायची.
वजन किती, हे तिला कुणी विचारलं नाही.
हा दगड रंगवताना ओमो बोलत नाही,
फक्त अक्षरं जरा ठसठशीत काढतो.

बोका चिकीटू.
इथे त्याचा उजवा कान राहिला.
पंधरा वर्षांचा होता, हातात धोंडा धरून शंखांसाठी तळाला गेला,
वर आला तेव्हा शंख तीन, आणि कानातून रक्त.
‘तो कान अजून खालीच आहे,’ सांगतो,
‘रात्री ऐकू येतं त्यातून. पोपटमासे पोवळं खातात ना,
कर्र, कर्र,
शेजारच्या खोलीत कुणी दातांनी बर्फ फोडावा तसं.’
मग थोड्या वेळानं:
‘हल्ली कमी येतं.’

यंदा खात्याचा कागद आला.
पोवळ्यांना रोग लागलाय, पंधरवड्यात मांस गळतं,
मागे चुना उरतो.
म्हणून दुकानात मी आता आल्यागेल्याचे
सूट, पंख, मुखवटे औषधाच्या पिंपात बुडवते,
बोटांची सालं निघतात.
आणि कागदात लिहिलंय:
अकरावा दगड राखाडी करावा, नाव पुसावं.

ओमोनं आधी तो खरवडला.
पोपडे पडले. पिवळ्याखाली पिवळं, त्याखाली फिकट पिवळं,
एकतीसपर्यंत मी मोजले.
सगळ्यांत खाली साधा चुनखडीचा धोंडा,
आणि नीट बघितलं तर तोही पोवळंच,
कधीकाळी पाण्यात असलेलं,
वळ्या अजून जागच्या जागी.

‘हे नाव तसंही बाहेरच्यांनी ठेवलेलं,’ तो म्हणाला.
आमच्या कोळ्यांकडे जागेला नाव नसायचं, वाक्य असायचं:
जिथे मार्साचं जाळं फाटलं.
जिथून चर्चचा कळस आणि चिंचेचं झाड एका रेषेत येतं.
जिथे थांबू नये.

राखाडी हात मारून झाल्यावर
समुद्राकडच्या बाजूला, उरलेल्या काळ्यात,
त्यानं काहीतरी लिहिलं.
मी वाकून पाहिलं नाही.
वाऱ्यानं ओल्या रंगावर वाळू चिकटवली.

तेवढ्यात एक भाड्याची पिकअप थांबली, मागे सहा सिलिंडर.
नकाशावर बोट ठेवून नवराबायको विचारू लागले,
अकरावा दगड कुठे, इथेच असायला हवा, पुस्तकात आहे.
ओमोनं ब्रश डब्यावर आडवा ठेवला
आणि उजवा कान त्यांच्याकडे केला.